पोळा ते ऋषिपंचमी : बालाघाटच्या मराठी घरांतली रानविद्या

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते आणि ऋषिपंचमीला देवभात शिजतो. तिथीची वाढ-घट सोडली तर हे मोजून सात दिवस. पण या सात दिवसांत मराठी घराला रानातल्या जितक्या वस्तू लागतात, तितक्या उरलेल्या वर्षात क्वचितच लागत असतील. पळसाची पाने आणि डहाळ्या, हरतालिकेची व गणपतीची पत्री, दूर्वांच्या जुड्या, आघाडा, पत्रावळी, नांगराशिवाय उगवलेले धान्य, पावसाळी भाज्या. आपण या सगळ्याला पूजेचे साहित्य म्हणतो आणि यादी करून मोकळे होतो. पण कोणीतरी ते ओळखून, योग्य जागेवरून, योग्य वेळी तोडून आणल्याशिवाय साहित्य होत नाही. हे ओळखणे, तोडणे, बांधणे आणि वापरणे म्हणजेच रानविद्या.

अलीकडे मोठ्या शहरांतून या विद्येची शिबिरे भरतात. पैसे भरून मुले दोर वळायला, चूल पेटवायला, झाड ओळखायला शिकतात. तिला बुशक्राफ्ट असे नवे नाव मिळाले आहे. शिबिर संपते, मुले घरी येतात, आणि शिकलेले रोजच्या जगण्यात बसवायचे कुठे, असा प्रश्न आईवडिलांना पडतो. बालाघाटच्या मराठी घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. जी विद्या ठरलेल्या दिवसाला बांधली गेली ती टिकली. जी नुसत्या गरजेवर उभी होती ती गरजेबरोबर गेली. आणि जी टिकली आहे, तिच्यातलाही जीव आता किती उरला आहे, हे पाहण्याची वेळ आली आहे.

घाटावरचा मुलूख

बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. आजचे शहर ज्या जागी आहे तिथे पूर्वी बुढा नावाचे गाव होते. हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ मध्ये मंडला, सिवनी व भंडारा जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा बनवण्यात आला. वैनगंगेच्या काठची सखल धानाची जमीन आणि वर बैहर-परसवाड्याचे जंगली पठार, असे त्याचे दोन भाग पहिल्यापासून आहेत. परसवाड्याच्या पठारावरची पहिली गावे लक्ष्मण नाईकाने १८१० च्या सुमारास वसवली. म्हणजे घाटावरची आपली वस्ती फार जुनी नाही. तिथे आधीपासून राहत होते ते गोंड आणि बैगा.

वारासिवनीकडचे विणकर, वैनगंगाकाठचे शेतकरी, आणि इंग्रजी अमदानीत कचेरी, शाळा व वकिलीच्या निमित्ताने नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली घरे, अशी मराठी वस्ती हळूहळू जमत गेली. काळ्या मातीच्या वऱ्हाडातून किंवा देशावरून आलेल्या माणसाला हे रान अनोळखी होते. बैहरकडे सालाचे जंगल लागते. महाराष्ट्रात हे झाड जवळजवळ आढळत नाही. माहुलीचा वेल झाडावर चढून माथा झाकतो. त्याचे पान आपट्यासारखे दुभंगलेले, पण त्याहून कितीतरी मोठे. अशा मुलखात संसार मांडायचा तर शेजाऱ्याला विचारणे भाग होते. सरपण कोणते चटकन पेटते, कोणत्या लाकडाचा धूर डोळ्याला लागतो, जळत्या उन्हाळ्यात मोह कधी वेचायचा, पहिल्या पावसानंतरच्या कोणत्या सात्या खायच्या आणि कोणत्यांना हात लावायचा नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तकातून शिकलेले नाही. घरी सरपण, मध, दोने घेऊन येणाऱ्या गोंड बाईने आणि शेतावरच्या पोवार शेजारणीने ते शिकवले. आपल्या स्वयंपाकघरातले वास्ते, काटवल, तरोटा, धोप्याची वडी यांच्यामागे हीच शिकवणी आहे.

सात दिवसांचा अभ्यासक्रम

आता पोळ्यापासूनचे दिवस क्रमाने पाहू. खांदशेकणीला बैलाच्या जुवाने घासलेल्या खांद्यावर तूप-हळद चोळायची ती पळसाच्या पानाने. त्यासाठी मुलाला पळस ओळखता यायलाच हवा. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण जगरहाटीबद्दल वापरतो, पण मुळात ती झाड ओळखण्याची खूण आहे. पांगाऱ्यालाही तीनच पाने असतात, मग त्याला काटे असतात हेही शिकवावे लागते. पळसाच्या मुळ्या ठेचून त्यांचा वाक काढायचा, त्याचे दोर वळायचे, त्याचेच कुंचे करून भिंत पांढरी करायची. सण आणि अंबाडीपासून वेसण-कासरे व्हायचे. दोर वळणे हा खेळ नव्हता. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर हवा, म्हणून ती तारीख पाळावी लागे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराईला आणि इडापिडेला गावाबाहेर घालवायचे. नागपुरात ती मारबत, आपल्याकडे नारबोद. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर ताप, खोकला, खरूज या सगळ्यांची घरोघर चाहूल असते. त्याच वेळी साऱ्या गावाने शिवेपर्यंत जाऊन यावे, यात गावाच्या हद्दीची आणि वाटांची आठवण दरवर्षी ताजी होण्याची सोय आपोआप झाली.

मग हरतालिका आणि चतुर्थी. एकवीस पत्रींची यादी सगळ्या पोथ्यांत सारखी नसते, पण दूर्वा, आघाडा, माका, बेल, बोर, धोत्रा, तुळस, शमी, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांत, डाळिंब, पिंपळ, मरवा, जाई, अगस्ती, देवदार, केवडा ही नावे बहुतेक ठिकाणी भेटतात. या यादीकडे वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहावे. ती एका जागी उभे राहून पुरी होत नाही. दूर्वा आणि आघाडा परसात किंवा वाटेच्या कडेला. माका धानाच्या ओल्या बांधीत. रुई आणि धोत्रा पडीक जागेत. बोर माळावर. अर्जुन, ज्याला आपण इथे कोहा म्हणतो, तो नदीनाल्याच्या काठी, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा. तुळस, डाळिंब, जाई अंगणात. म्हणजे पत्री गोळा करायची तर अंगण, बांधी, माळ, पडीक जमीन आणि नदीकाठ असे सगळे फिरून यावे लागते. आणि यादीतला देवदार हिमालयातला, केवडा किनारपट्टीचा, शमी कोरड्या मुलखातली. आपल्या मुलखात काय उगवते आणि काय नाही, हेही ती यादीच शिकवते.

ओळखण्याच्या खुणा घरोघर ठरलेल्या होत्या. आघाड्याचा तुरा कपड्याला चिकटतो, आणि त्याची उलटी लागलेली बोंडे खालून वर हात फिरवला की कळतात. माक्याचे पान चुरगळले की थोड्या वेळात बोट काळे पडते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. धोत्रा देवाला चालतो, पण तोंडात घालायचा नाही. विषारी झाडाची ओळख लहान मुलाला पूजेच्या निमित्ताने, मोठ्यांच्या डोळ्यांदेखत होई. दूर्वा खुडायच्या त्या कोवळ्या, मुळासकट उपटायच्या नाहीत. तिन्हीसांजेनंतर पान तोडायचे नाही. हे नियम पापपुण्याच्या भाषेत सांगितले जात, पण पुढच्या वर्षी त्याच जागी तेच रोप सापडावे, याची तजवीज त्यांत होती.

आणि ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही. धान हे आपल्या जिल्ह्याचे वैभव. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या एका दिवशी चिन्नोर बाजूला राहतो आणि देवभात येतो, म्हणजे तळ्याबोडीत आपोआप उगवणारा, संस्कृतात ज्याला नीवार म्हणतात तो रानभात. त्याचे दाणे पिकताच गळतात, म्हणून तो कापायचा नसतो, वेळ साधून झटकून घ्यायचा असतो. या व्रताकडे आपण सहसा एका बाजूने पाहतो. पण घाटावरचे बैगा नांगर चालवत नसत, कारण नांगराने धरतीमातेची छाती फाटते असे ते मानत. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बैगांवरील ग्रंथात हे सविस्तर आले आहे. वर्षभर नांगर धरणारे घर एक दिवस बिननांगरी अन्न खाते, आणि शेजारचा डोंगर बाराही महिने तसे जगत होता. एकाचे व्रत ते दुसऱ्याचे जगणे होते. हे दोघे एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

कुंपण आले

हे सगळे चालू असतानाच रानाचा मालक बदलला. १८६४ साली सरकारी वनखाते निघाले, १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाच्या रेषा पक्क्या झाल्या. सालाचे लाकूड रुळांखालच्या स्लीपरसाठी हवे होते. बैगांची बेवर शेती, म्हणजे झाडे तोडून-जाळून राखेत बी फेकण्याची रीत, बंद करण्यात आली. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात बैगा चक म्हणून एक तुकडा तेवढा त्यांच्यासाठी राखला गेला. गावकऱ्यांना सरपण, चारा, बांबू घेण्याची जी मुभा उरली तिला निस्तार म्हणत. मालगुजारांच्या ताब्यातली जंगले १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेली. गावाबाहेर जाऊन डहाळी तोडून आणणे या साध्या कामाला आता परवानगीचा प्रश्न चिकटला.

रानातली साधी कामे किती मोलाची होती, हे १९३० साली दिसले. गांधीजींनी मीठ उचलले, पण मध्य प्रांताला समुद्र कुठे? इथे जंगल सत्याग्रह झाला. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. आपल्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यात टुरिया येथे ९ ऑक्टोबर १९३० रोजी गवत कापणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला आणि चार जण मारले गेले. त्यांत तीन गोंड स्त्रिया होत्या. विळा घेऊन गवत कापणे हे रोजचे काम. त्यासाठी जीव गेले, कारण ते काम करण्याचा हक्कच पणाला लागला होता. आपण पत्री सहज तोडतो. आपल्याला ज्यांनी ती ओळखायला शिकवली, त्यांना मात्र तेच पान तोडताना शिपायाची भीती बाळगावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला, त्याला टुरियानंतर पाऊण शतक लागले.

काय टिकले, काय गेले

गोंदिया ते नैनपूर अरुंद रेल्वे १९०३ मध्ये आली आणि १९०५ पर्यंत ती जबलपूरला पोहोचली. पुढे गावोगाव काडेपेटी आणि रॉकेल पोहोचले, आणि चकमक-गारगोटीवर ठिणगी पाडून शेवरीच्या कापसात ती धरण्याची विद्या नाहीशी झाली. तिला ना सण होता, ना बाजार. तिची फक्त गरज होती, आणि गरज संपली. सुताच्या व नायलॉनच्या दोऱ्या आल्यावर वाकाचा दोर गेला. गॅस आल्यावर सरपणाची पारख गेली.

तेंदूपानाचे वेगळे झाले. गोंदिया हे विडीचे मोठे केंद्र, त्यामुळे पानाला भाव होता. मध्य प्रदेशाने १९६४ साली हा व्यापार सरकारी केला. उन्हाळ्याच्या आरंभी झुडपे छाटायची, मग नवी कोवळी, न डागलेली पाने निवडायची, पन्नास पानांची गड्डी बांधायची, अशा हजार गड्ड्यांचा मानक बोरा भरायचा. पान निवडण्याची ही तयार नजर आजही हजारो हातांत आहे, कारण तिच्यावर मजुरी मिळते. पण ती मजुरांची विद्या राहिली, आपल्या घरात आली नाही.

पत्रीची, दूर्वांची, देवभाताची विद्या मात्र सणाला बांधलेली होती, म्हणून ती टिकली. निदान तिचे बाहेरचे रूप टिकले. तिला एक धक्का बसला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. मुले हिंदी शाळेत शिकू लागली आणि झाडांना दोन-दोन नावे झाली. घरी आघाडा, बाहेर चिरचिटा. घरी रुई, बाहेर आक. घरी मोह, बाहेर महुआ. ज्या घरांनी दोन्ही नावे सांभाळली, त्यांची मुले भटजींची यादीही वाचू शकली आणि गावातल्या म्हाताऱ्याला वाटही विचारू शकली. जिथे मराठी नाव गेले आणि हिंदी आले नाही, तिथे झाडच अनोळखी झाले. डोळ्यांसमोर असूनही.

आज चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीची जुडी मिळते. ती घेण्यात गैर काही नाही. ती विकणाऱ्या बाईचे चार पैसे होतात आणि तिला ती पाने आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. पण जुडीत काय आहे हे पाहायची सवय गेली, की कोणतेही हिरवे पान चालू लागते. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचन ओरबाडला जातो, तसेच इथेही होते. विधी पुरा होतो, ओळख होत नाही.

वैनगंगेचा पोर

या संदर्भात आपल्या मुलखाची एक गंमत सांगितली पाहिजे. जगभरची लाखो मुले रानविद्या शिकतात ती आपल्या नदीच्या नावाने. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी सातपुड्यातल्या सिवनीच्या छावणी-जीवनावर १८७७ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याचा आधार घेऊन रुडयार्ड किपलिंग यांनी १८९४ मध्ये ‘जंगल बुक’ लिहिले. त्यात सिवनीचे डोंगर आणि वैनगंगा नावानिशी आहेत. पुढे बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांच्या स्काउट पथकांसाठी पुस्तक तयार केले, तेव्हा त्याचा सगळा साचा मोगलीच्या गोष्टीवर बेतला. अकेला, बलू, बघीरा ही नावे तेव्हापासून परदेशातल्या मुलांच्या तोंडी आहेत. तिथला मुलगा गाठी मारायला शिकतो तो वैनगंगेच्या काल्पनिक पोराचा सोबती म्हणून. आणि वैनगंगेच्या काठचा आपला मुलगा कोह्याखाली उभा राहून विचारतो, हे कुठले झाड?

स्काउटांच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक लहान कौशल्याला एक खूण आणि एक दिवस असतो. आपल्याकडे ती व्यवस्था आधीपासून आहे, तिचे नाव पंचांग. संक्रांत, होळी, अक्षय्य तृतीया, पोळा, चतुर्थी, दसरा, प्रत्येक सण एखाद्या झाडाला किंवा धान्याला बांधलेला आहे. मुलाला दरवर्षी एका सणाला एकच गोष्ट नीट शिकवली, तरी दहा वर्षांत त्याच्याजवळ शिदोरी जमते. त्यासाठी रजा काढावी लागत नाही आणि शिबिराची फीही नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी एक साधी सूचना मंडळापुढे ठेवावीशी वाटते. हरतालिकेच्या आदल्या सकाळी घरातली मुले आणि आजी-आजोबा मिळून आपापल्या अंगणात, शेताच्या बांधावर आणि वाटेच्या कडेला फिरून यावेत. राखीव जंगलात जाण्याची गरज नाही, आणि जाऊही नये. सापडतील तेवढीच पाने, एकेक, न ओरबाडता आणावीत. एकवीस नाही मिळाली तरी चालतील, जी मिळतील ती ओळखून वाहिलेली असावीत. प्रत्येक पान एका कागदावर चिकटवून त्याखाली मराठी आणि हिंदी नाव लिहावे. ज्याचे नाव घरात कोणालाच आठवत नाही, ते पान बाजारातल्या पत्रीवाल्या बाईला नेऊन दाखवावे आणि तिला विचारावे. आपल्या पणज्यांनीही तसेच विचारले होते. ती सांगेल ते नाव तिच्या बोलीत लिहून घ्यावे आणि पुढच्या चतुर्थीला तोच कागद पुन्हा काढावा.